जवायाची चक्की

आमचे जवाई बसत नसत. सासरवाडीला आलेल्या जवायाला खुर्ची द्यायची, पाठीशी तक्क्या ठेवायचा, पंखा त्याच्याकडे वळवायचा आणि त्यानं तिथून हलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. हे मात्र खुर्ची दिली की तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. कोणी "बसा न बाप्पा" म्हटलं की म्हणायचे, "बसलो की मले झोप येते." आयुष्यभर उभ्यानं फोटो काढले होते, त्याची ती सवय. दुसरी सवय डाव्या डोळ्याची. कोणतीही वस्तू नीट पाहायची असली की तो डोळा मिटायचा. भाकरी पाहिली तरी डोळा मिटून, माणूस पाहिला तरी डोळा मिटून. लग्न ठरलं तेव्हा माझ्या जावेनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोराच्या डोळ्यात काही खोट त नाही न व?" खोट काही नव्हती.

वाशीमला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आमच्या नात्यातल्या सगळ्या लग्नांचे अल्बम त्यांच्या हातचे. पोहरादेवीची यात्रा भरली की तिथं तंबू ठोकून मागं एक रंगवलेला पडदा लावायचे. पडद्यावर बाग, कारंजं आणि दोन हंस. लोक त्याच्यापुढं उभे राहून फोटो काढून घ्यायचे. मी चौथी शिकलेली बाई. पण जवाई फोटोग्राफर, म्हणून चार बायांत बसले की त्यांचा विषय मुद्दाम काढायची. मग ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला. शेवटच्या यात्रेत लोक त्यांच्याच पडद्यापुढं उभे राहिले, आपापल्या फोनवर फोटो काढले आणि निघून गेले. "एका बाईनं त माह्याच हाती फोन देला," ते सांगायचे. "म्हणे, दादा, जरा काढता का? काढला. चांगला निघाला." हे सांगताना ते हसायचे. मला ते ऐकवत नसे.

पन्नाशीला आल्यावर त्यांनी स्टुडिओ विकला. बँकेचं देणं त्यातून फिटलं, हातात फारसं काही उरलं नाही. मुलगा पुण्याला कंपनीत लागला होता, पण त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. वाशीमचं घर भाड्याचं. माझं घर रिठदच्या पुढं एका गावात, रस्त्याला लागून, आणि त्यात मी एकटी. मालक जाऊन खूप वर्षं झाली, शेत बटईनं दिलेलं. मंदा माझी एकुलती एक. तिनं फोनवर विचारलं, "माय, आमी तिकडं राहायले येऊ का?" मी "या" म्हटलं, आणि लगेच म्हटलं, "पण अंधार पडल्यावर या."

मंदा तयार होती. जवाई ऐकेनात. "चोरी करून चाललो का आपण?" असं म्हणाले आणि भर दुपारी टेम्पोत ड्रायव्हरजवळ बसून आले. मांडीवर तो गुंडाळलेला पडदा. देवळाच्या पारावर माणसं बसलेली. त्या सगळ्यांना त्यांनी रामराम घातला. मी तोवर आत जाऊन चुलीपुढं बसले होते. चूल पेटलेलीही नव्हती.

गावच्या लेकीचा नवरा म्हणजे साऱ्या गावाचा जवाई. पहिले दोन महिने त्यांना आमच्या घरी जेवूच दिलं नाही कोणी. आज याच्याकडं पोहे, उद्या त्याच्याकडं पुरणपोळी. टॉवेल, टोप्या आणि नारळ यांचा घरात ढीग झाला. एकदा शेतात जाऊन त्यांनी नुसतं खुरपं हातात घेतलं, तर बांधावरून चार जण धावत आले. "जवाईबुवा, तुमी कायले? आमी मेलो का?" खुरपं काढून घेतलं आणि त्यांना झाडाखाली बसवलं. तिथंही ते उभेच राहिले असतील. घरी आल्यावर मंदाला म्हणाले, "एवढा मान मले पचून नाही राह्यला."

मी त्यांच्याशी समोरासमोर बोलत नसे. आमच्याकडं सासू जवायाशी दाराआडून बोलते, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून. काही विचारायचं असलं की मी मंदाला विचारायची, ती त्यांना विचारायची. ते तीन हातांवर उभे असायचे आणि मला सगळं ऐकू यायचं. त्यामुळं रोज सकाळी बसनं ते जऊळक्याला कशाला जातात हे मी मंदालाच विचारलं. ती म्हणाली, "धंदा पाहून राह्यले." खरं काय ते मला देवळात बायांच्या भजनात कळलं. शेजारच्या गिरजानं साऱ्या बायांच्या देखत सांगितलं, "मंदाच्या माय, तुमचे जवाई जऊळक्याच्या चक्कीवर दिसले व. डोक्याले फडकं बांधून दगडाले टाकी लावत होते." पिठाच्या चक्कीचा दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं ठोकून तो खरबरीत करावा लागतो, त्याला टाकी लावणं म्हणतात. पन्नाशीचा माणूस दुसऱ्याच्या चक्कीवर बसून ते शिकत होता. मी हातातले टाळ तिथंच ठेवून उठून आले.

मी मंदाला सांगितलं, चक्की घालायची तर वाशीमात घाला, अकोल्यात घाला, माझ्या दारात नको. जवायांनी तिच्याकडून निरोप दिला, "दारात नाही घालत. पुढच्या खोलीत घालतो." सोबत हेही सांगितलं, की खोलीचं भाडं मामींना दर महिन्याला मिळेल. ते मला मामी म्हणत. जवायाकडून भाडं घ्यायचं! मी दोन दिवस जेवले नाही. कोणी समजूत काढायलाही आलं नाही, तेव्हा जेवले.

चक्की आली. नारळ फुटला, तेव्हा सारं गाव हजर होतं. पेढे खाल्ले, मशीनला हळदकुंकू लावलं, जवायाला फेटा बांधला. दुसऱ्या दिवसापासून चक्कीवर कोणी फिरकलं नाही.

कोणाचं वाकडं नव्हतं, हे मी आधीच सांगते. लोक त्यांना मानत होते, म्हणूनच येत नव्हते. जवायाच्या पुढ्यात दळणाचा डबा आदळायचा कसा? त्यानं तो उचलून मशीनमध्ये ओतायचा आणि आपण पाहत उभं राहायचं? त्याच्या हातावर सुटे पैसे ठेवायचे? आमच्याकडं जवायाच्या हातावर पैसे ठेवतात ते ओवाळणीचे, वर टिळा लावून. गिरजा म्हणायची, "जवायाकडून पीठ दळून घेतलं त पाप लागते व." आणि सगळ्या बाया डबे घेऊन ऑटोत बसून रिठदच्या चक्कीवर जायच्या. आमच्या दारावरून जाताना पदराखाली डबा झाकायच्या, की त्यांना वाईट वाटू नये.

माझा डबाही त्याच ऑटोत जायचा. गिरजाच्या मांडीवर.

पुढच्या खोलीत ते दिवसभर मशीनजवळ उभे असत. पिठाची धूळ बसू नये म्हणून मागच्या भिंतीला त्यांनी तो बागेचा पडदा लावला होता, पण धूळच नव्हती. एके दिवशी जेवताना त्यांनी भाकरी हातात घेतली, डोळा मिटला आणि मंदाला म्हणाले, "रिठदवाला जाड दळते." एवढंच. मंदा उठून न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी चुलीपुढं होते. माझ्या घरातलं दळण माझ्या घरातल्या चक्कीवर जात नाही, हे त्यांना कधीपासून माहीत होतं कोण जाणे. मला वाटलं, भाकरी टाकून उठतील. त्यांनी ती पूर्ण खाल्ली आणि आणखी एक मागितली.

त्या वर्षी अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात लेक-जवायाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, ही रीत आहे. घरातच राहणाऱ्याला बोलावणार कुठून? तरी मी पाट मांडला, समई लावली. त्या दिवशी मात्र ते बसले. ताटातला एक धोंडा त्यांनी खाल्ला आणि मंदाला म्हणाले, "मामींना विचार, धोंड्यात जवायानं काही मागितलं त देतात न?"

मी दाराआडून म्हटलं, "द्यावंच लागते."

"मग उद्या मामींनी आपलं दळण घेऊन चक्कीवर यावं. डोक्यावर घेऊन, दिवसाउजेडी, बायांच्या देखत. माह्याशी भाव करावा. पीठ वाईट निघालं त मले बोलावं. आणि तिथं मले जवाईबुवा म्हणू नये, चक्कीवाला म्हणावं."

मी म्हटलं, "हे माह्यानं होणार नाही. पेटीतलं माह्यं जुनं डोरलं मागा, देतो. हे मागू नका."

ते म्हणाले, "मग मी पुण्याले जातो. पोराच्या कंपनीत चौकीदाराची जागा आहे. तिथं मी कोणाचाच जवाई नाही, तिथं मले काम करू देतील. मंदा राहील तुमच्याजवळ." हे ते रागानं बोलले नाहीत. पाटावरून उठले, हात धुतले आणि नवीन कपड्यांची घडी न मोडता समईजवळ ठेवून दिली. त्या रात्री मंदानं आपलं अंथरूण पुढच्या खोलीत, चक्कीजवळ टाकलं. मला तिचा संसार दिसत होता, एक इथं आणि एक पुण्याच्या फाटकावर. आणि दुसऱ्या डोळ्यानं गिरजा दिसत होती.

सकाळी मी ज्वारीचा डबा डोक्यावर घेतला. मागच्या दारानं निघून गावाला वळसा घातला आणि मधल्या गल्लीनं पुन्हा आपल्याच घराच्या पुढच्या खोलीकडं निघाले, कारण बायांनी पाहावं असं ठरलं होतं. गिरजा ओट्यावर होतीच.

"कुठं व, मंदाच्या माय?"

"दळाले."

"रिठदचा ऑटो त गेला आताच."

"रिठदले नाही."

ती पायरी उतरून माझ्या मागं आली. तिच्या मागं आणखी दोघी-तिघी. कोणाच्या हातात डबा नव्हता, तमाशा पाहायला आल्या होत्या. मी खोलीच्या उंबऱ्याशी डबा ठेवला. जवाई समोर उभे. पदर मी कपाळाच्या वर सरकवला.

"ओ चक्कीवाले," मी म्हटलं. "भाव काय?"

त्यांनी भाव सांगितला.

"रिठदले याच्याहून कमी घेतात."

"मग रिठदले जा न बाई. ऑटोचं भाडं कोण देते, तो चक्कीवाला?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. त्यांनी डबा उचलला. तो काढून घ्यायला माझा हात पुढं गेला होता, मी तो मागं घेतला. मशीन सुरू झालं. पीठ पडू लागलं तसं मी चिमटीत घेऊन पाहिलं. चांगलं होतं, रिठदपेक्षा बारीक. पण मी बोलायचं कबूल केलं होतं.

"जाड आहे," मी म्हटलं. आणि मग थांबताच आलं नाही. "पन्नाशी उलटली, दळता येत नाही, त कायले मांडलं हे दुकान? सारं बुडवून इथं येऊन बसले. लोकायले तोंड दाखवायची सोय ठेवली नाही."

हे ठरलेलं नव्हतं. हे माझ्या पोटातलं होतं, ते टेम्पोतून उतरले त्या दुपारपासूनचं. गिरजाचं हसणं थांबलं. आतल्या दारात मंदा उभी होती. जवायांना कळलं. एरवी ते पाहताना एक डोळा मिटत, या वेळी त्यांनी दोन्ही मिटले. मग मशीनचं चाक थोडं कसलं आणि म्हणाले, "आणा इकडं. पुन्हा दळून देतो. पैसे तेवढेच."

त्यांनी पुन्हा दळलं. मी पैसे मोजून त्यांच्या हातावर ठेवले आणि त्यांनी ते खिशात टाकले. गिरजा संध्याकाळीच गव्हाचा डबा घेऊन आली. "मंदाची माय एवढं बोलली अन् तरी यायनं दळून देलं," ती सगळीकडं सांगत फिरली. "सासू बोलते, त आपल्याले काय झालं?" चक्की चालली ती तिथून. माझ्या तोंडून जे वाईटात वाईट निघालं, त्यावर ती चालली. ते मला त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. आभारही मानले नाहीत, ते एक बरं केलं.

मग मिरचीचं मशीन आलं, हळदीचं आलं. बेसन तर पार रिठदहून लोक न्यायला येऊ लागले. पोरी दळण होईपर्यंत त्या हंसांच्या पडद्यापुढं उभ्या राहून फोनवर फोटो काढायच्या आणि ते मशीनजवळून ओरडायचे, "उजेडाकडं तोंड करा व, फोटो काळे येतीन." कोणी जुन्या धंद्याची हळहळ केली तर म्हणायचे, "इतके दिवस लोकायचे चेहरे पाह्यले, आता पोटं पाहून राह्यलो. पोटं बरी. हसा म्हणा लागत नाही." खोलीचं भाडं दर महिन्याला माझ्या भिंतीतल्या देवळीत यायचं. मी ते घ्यायची.

एकदा दुपारी ते घरात आले ते खुशीत.

"मंदा, आज मले शिवी देली."

"कोणं?"

"मागल्या घरच्यानं. पोते रस्त्यात ठेवले म्हणून. मायवरून देली, चांगली मोठी."

मंदा हसत सुटली. मी तेव्हा समोर बोलायला लागले होते. मी विचारलं, "मग तुमी ऐकून घेतलं?"

"नाही न मामी. म्या त्याच्याहून मोठी देली." आणि त्या दिवशी ते खाटेवर बसले, चहा संपेपर्यंत.

गावात मला त्यांची लाज वाटेनाशी झाली होती, किंवा मला तसं वाटत होतं. गावाबाहेर पडलं की ती परत यायची. वाशीमला भाचीच्या लग्नाला निघालो तेव्हा मी त्यांना म्हटलं, "कान धुऊन घ्या. पीठ आहे." त्यांनी धुतले. मांडवात पाहुण्यांनी विचारलं, जवाई काय करतात, तर मी म्हटलं, "गावी व्यवसाय आहे." ते माझ्या मागंच उभे होते. त्यांनी डोळा मिटून मांडवाच्या माळा पाहिल्या आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

खोकला पुष्कळ दिवसांचा होता. तोंडाला रुमाल बांधा म्हणून मंदा कंठशोष करायची. रुमाल बांधला तर गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, म्हणून ते बांधत नसत. शेवटी दम लागून वाशीमच्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर तरुण होता, चांगल्या घरचा दिसत होता. त्यानं छाती तपासली आणि आम्हाला विचारलं, "काम काय करतात हे?"

मी मंदाकडं पाहिलं. मंदानं माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरनं पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनीच नाकावरची प्राणवायूची नळी बाजूला केली आणि म्हणाले, "चक्की आहे माही. गहू, ज्वारी, मिरची, सारं दळतो." मग आमच्या दोघींकडं पाहिलं, एक डोळा मिटून. नर्सनं नळी परत लावली. डॉक्टर त्यांना धुळीवरून रागावू लागला आणि ते मान हलवत राहिले.

चार दिवसांनी ते गेले. आम्ही दोघी तिथंच होतो.

त्यांचे भाऊ मानोऱ्याकडून आले. जवायाची माती सासरवाडीत होऊ नये, त्यांच्या गावालाच नेऊ, असं म्हणाले. मंदानं मला विचारलं, "माय, काय करू?" गावातली माणसं दवाखान्याच्या फाटकाशी उभी होती. ते आमच्या गावी राहिले, तिथं दळलं, तिथं भांडले. मी रीतीवर बोट ठेवून म्हटलं, "नेऊ दे." म्हणून त्यांची माती त्या गावात झाली, जिथं ते पोरवयानंतर राहिले नव्हते. भावांच्या घरी भिंतीवर त्यांचा फोटो लावला तो सफारी घातलेला, गळ्यात कॅमेरा.

तिसऱ्या दिवशी आम्ही बाया ओसरीत बसलो होतो. त्यांच्या चुलतघरच्या एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं, "तुमचे जवाई तिकडं काय करत होते व?" मी तोंड उघडायच्या आत अंगणातून मोठा भाऊ म्हणाला, "धंदा होता त्याचा. मोठा धंदा होता."

"चक्की होती," मी म्हटलं. "लोकायचं दळण दळत होते. माह्यं पण."

अंगणातले तिघेही भाऊ जमिनीकडं पाहू लागले. एकानं पायानं माती उकरायला सुरुवात केली. मंदानं मला कोपरानं ढोसलं, गप्प बस म्हणून. मी त्या तिघांकडं पाहिलं. त्यांना काय होत होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.